मनगटाचे हाड मोडले आहे आणि समोरचा वीस हजार देऊन सही मागतो आहे

तुम्ही लिहिलेले आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझे उत्तर कोणत्या गोष्टींवर उभे आहे ते स्पष्ट राहील. तुमचे वय ४३ आहे आणि तुम्ही लालबागला घरून दुपारच्या जेवणाचे २२ डबे देता. तीन आठवड्यांपूर्वी दादरहून भाजी घेऊन परतताना, मागे येणाऱ्या एका मोटारीचा धक्का लागून तुम्ही उजव्या हातावर पडलात आणि मनगटापाशी हाड मोडले. मोटार चालवणारे गृहस्थ थांबले, त्यांनी स्वतः तुम्हाला नर्सिंग होममध्ये नेले आणि पहिल्या दिवसाचे ९,००० रुपये भरले. प्लास्टर पाच आठवड्यांचे आहे. पोलिसांत काहीही नोंद झालेली नाही आणि नर्सिंग होमच्या कागदावर ‘रस्त्यात पडल्याने’ एवढेच लिहिले आहे. आता ते गृहस्थ आणखी २०,००० रुपये देण्यास तयार आहेत, मात्र पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ‘यापुढे माझी कोणतीही मागणी अथवा तक्रार राहणार नाही’ असे लिहून मागतात. घरचे म्हणतात, एक लाख मागा. यांतला रास्त आकडा कोणता, असा तुमचा प्रश्न आहे.

मी गेली २२ वर्षे मुंबईच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर वकिली करतो. त्यातली पहिली सहा वर्षे मी विमा कंपन्यांची बाजू मांडली आणि नंतरची सगळी वर्षे जखमींची. दोन्ही बाजूंनी तडजोडी केल्यावर माझे मत असे झाले आहे की अशा प्रकरणात माणसाचे नुकसान चुकीच्या आकड्यापेक्षा चुकीच्या वेळी केलेल्या सहीने अधिक होते. तुमचा हात अजून प्लास्टरमध्ये आहे. तो पूर्वीसारखा वळेल की नाही, हे आज तुम्हाला ठाऊक नाही, तुमच्या डॉक्टरांनाही नाही आणि त्या गृहस्थांनाही नाही. जी गोष्ट अजून कोणालाच माहीत नाही, तिच्यावरचा हक्क तुम्ही वीस हजारांना सोडून द्यावा, असे तो कागद सांगतो. म्हणून माझे पहिले उत्तर असे की प्लास्टर निघून हाताची हालचाल डॉक्टरांनी तपासेपर्यंत कोणत्याही अखेरच्या कागदावर सही करू नका, मग समोरचा आकडा वीस हजार असो वा एक लाख.

दुसरी गोष्ट तुमच्या प्रश्नातल्या ‘किरकोळ दुखापत’ या शब्दाबद्दल आहे. घरच्या भाषेत ती किरकोळ असेल, पण कायद्याच्या भाषेत ती तशी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड मोडणे ही ‘गंभीर दुखापत’ आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या नव्या कलम १६४ नुसार, वाहनामुळे गंभीर दुखापत झाल्यास वाहनाचा मालक किंवा त्याची विमा कंपनी अडीच लाख रुपये देण्यास बांधील असते आणि त्यासाठी चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. विमा कंपनी हे पैसे सहजासहजी देईल, असे मी म्हणत नाही. ती एक्स-रे मागेल, त्याच मोटारीने अपघात झाल्याचा पुरावा मागेल आणि ‘रस्त्यात पडल्याने’ या दोन शब्दांवर बोट ठेवेल. तरीही ज्या वाटाघाटीत कायद्याने ठरवलेली अडीच लाखांची रक्कम एका बाजूला उभी आहे, तिथे वीस आणि शंभर हजारांत घासाघीस करण्यापूर्वी ती रक्कम तुम्हाला माहीत असणे मला अगदी आवश्यक वाटते.

बाकी उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे. अपघाताच्या दिवशी त्या मोटारीचा विमा चालू होता का, अपघाताची नोंद पोलिसांकडे होते का आणि प्लास्टर निघाल्यावर मनगट किती वळते. पहिली गोष्ट आजच कळेल, कारण मोटारीचा क्रमांक एमपरिवहन ॲपवर टाकल्यास विम्याची मुदत दिसते. दुसरी तुमच्या हातात आहे. तिसरीसाठी थांबावेच लागेल.

आता हिशेब पाहू. दुखापतीच्या भरपाईत कोणत्या बाबी येतात हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० सालच्या निकालात नीट मांडून ठेवले आहे. उपचार, औषधे, प्रवास व पौष्टिक आहाराचा खर्च, उपचाराच्या काळात बुडालेले उत्पन्न आणि वेदना व त्रासाची भरपाई या बाबी साध्या दुखापतीतही मिळतात. कायमचे व्यंग राहिल्याचा वैद्यकीय पुरावा असेल, तर पुढच्या उत्पन्नाचे नुकसान, पुढील उपचार वगैरे बाबी त्यांत मिळवल्या जातात.

तुमच्या बाबतीत सर्वांत मोठी आणि सर्वांत अधिक वादाची बाब उत्पन्नाची आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घालवतो. तुमच्याकडे पगारपत्रक नाही. ‘महिन्याला साठ हजारांचा धंदा आहे’ असे तुम्ही म्हणालात, तर समोरचा ते मानणार नाही आणि ते बरोबरही नाही, कारण धंद्यात येणारा पैसा म्हणजे उत्पन्न नव्हे. एका डब्याचे १०० रुपये घेता आणि शिधा, भाजी, गॅस धरून त्यावर साधारण ६० रुपये खर्च होतात, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे डब्यामागे ४० रुपये उरतात आणि २२ डब्यांचे महिन्यातील २६ दिवसांचे तुमचे खरे उत्पन्न २२,८८० रुपये होते. हा आकडा छोटा वाटला तरी तो टिकणारा आहे. तुम्ही फुगवलेला एक आकडा खोडला गेला की तुमचे उरलेले खरे आकडेही संशयास्पद ठरतात, हे मी विमा कंपनीच्या बाजूने काम करताना कित्येकदा पाहिले आहे आणि खरे सांगायचे तर तेव्हा त्याचा फायदाही घेतला आहे.

अपघातानंतर नऊ गिऱ्हाइके सुटली आणि उरलेले १३ डबे टिकवण्यासाठी तुम्ही दिवसाला ५०० रुपये देऊन पोळ्या लाटायला एक बाई ठेवली आहे. प्लास्टरचे पाच आठवडे आणि नंतर हात कामाला येईपर्यंतचे निदान तीन आठवडे, असे आठ आठवडे धरले, तर कामाचे ४८ दिवस होतात. सुटलेल्या नऊ डब्यांचे ४० रुपयांप्रमाणे ४८ दिवसांचे १७,२८० आणि बाईंच्या मजुरीचे २४,०००, मिळून ४१,२८० रुपये. तुम्ही काहीच केले नसते आणि सगळे डबे बंद ठेवले असते, तर नुकसान ४२,२४० रुपये झाले असते. म्हणजे या काळात तुमच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही, तुम्ही फक्त गिऱ्हाइके राखून ठेवत आहात. हे समोरच्याला अशाच शब्दांत सांगा, कारण नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाच्या मागणीला वजन येते.

यासाठी पुरावा तुमच्याच घरात आहे. गिऱ्हाइकांनी मोबाइलवरून भरलेल्या पैशांची सहा महिन्यांची बँकेची नोंद काढा. किराणा दुकानदाराची बिले आणि गॅस सिलिंडरच्या पावत्या जमवा. ज्या वहीत डब्यांचा हिशेब लिहिता, ती वही आहे तशी ठेवा आणि त्यात आता मागाहून काहीही भरू नका. सुटलेल्या नऊपैकी तीन-चार गिऱ्हाइकांकडून कोणत्या तारखेपासून डबा बंद केला आणि का, एवढे दोन ओळींत लिहून घ्या. पोळ्या लाटणाऱ्या बाईंना दर आठवड्याला पैसे शक्यतो बँकेतून द्या आणि रोखीने दिले तर सहीची पावती घ्या. मजुरीची पावती हा या प्रकारच्या प्रकरणातला सर्वांत साधा आणि सर्वांत भक्कम कागद आहे, तरी बहुतेकांना तो शेवटी आठवतो.

उरलेल्या बाबी लवकर आटोपतात. तुमच्या खिशातून गेलेले एक्स-रे, तपासण्या व औषधांचे ११,४०० रुपये, डॉक्टरांनी सांगितलेल्या फिजिओथेरपीच्या १२ बैठकांचे ४०० रुपयांप्रमाणे ४,८०० आणि टॅक्सीचे २,६०० मिळून १८,८०० रुपये होतात. गृहस्थांनी भरलेले ९,००० यात धरलेले नाहीत आणि धरूही नयेत. धुण्याभांड्यांसाठी दोन महिने लावलेल्या बाईंचे ५,००० आहेत. वेदना आणि त्रासाला ठरीव दर नाही. हाड साधे मोडलेले असून व्यंग राहणार नसेल, तर मी स्वतः ३०,००० च्या आसपास मागणी मांडतो आणि पाच आठवडे उजव्या हाताविना अंघोळीपासून जेवणापर्यंत काय सोसावे लागले, ते तिच्यासोबत लिहितो. या सगळ्यांची बेरीज ९५,०८० रुपये होते. म्हणजे घरच्यांनी अंदाजाने सांगितलेला एक लाखाचा आकडा वस्तुस्थितीच्या बराच जवळ आहे. फरक एवढाच की आता प्रत्येक हजाराचे कारण तुम्हाला सांगता येईल.

पण ही बेरीज हात पूर्ण बरा होईल असे धरून केलेली आहे. मनगटाजवळचे हाड जुळले तरी काही जणांना मनगट पूर्वीइतके वळत नाही, पकड सैल राहते. कार्यालयात टेबलाशी बसून काम करणाऱ्याला त्याने फारसा फरक पडणार नाही. तुम्हाला रोज शंभर-सव्वाशे पोळ्या लाटायच्या आहेत. वर सांगितलेल्या निकालात न्यायालयाने हाच मुद्दा ठसवला आहे की अवयवाचे व्यंग किती टक्के आहे यापेक्षा त्या माणसाच्या त्या कामावर त्याचा किती परिणाम झाला, हे पाहायचे असते. समजा, तुमची कमाईची क्षमता केवळ पाच टक्क्यांनी घटली असे ठरले. वर्षाचे उत्पन्न २,७४,५६० रुपये, त्याचे पाच टक्के १३,७२८ आणि ४१ ते ४५ या वयोगटासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा प्रकरणातील २००९ च्या निकालाने ठरवलेला गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचे तो आकडा, १४. म्हणजे १,९२,१९२ रुपये. ते वरच्या बेरजेत मिळवले तर २,८७,२७२ होतात. आज वीस हजारांवर सही केली, तर तुम्ही यावर पाणी सोडता.

यातून पुढची निवड कशी करायची, तेही स्पष्ट होते. हात नीट झाला, तर कलम १६४ ची ठरीव अडीच लाखांची वाट तुमच्यासाठी अधिक सोयीची आहे, कारण त्यात चूक कोणाची हा वाद नाही. हात अडून राहिला, तर कलम १६६ खाली पूर्ण भरपाईचा दावा करावा, मात्र तिथे चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. दोन्ही घेता येत नाहीत. १६४ ची रक्कम कलम १४९ च्या तडजोडीच्या प्रक्रियेतून (ती पुढे सांगतो) स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. १६६ च्या दाव्यासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर राहू नका आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. ‘बघू, करू’ म्हणत समोरच्याने पाच महिने काढले आणि मग फोन उचलणे बंद केले, अशी माणसे माझ्याकडे दरवर्षी येतात.

आता कागदांकडे वळतो, कारण तुमच्या प्रकरणातली खरी कमजोरी तिथे आहे. नर्सिंग होमच्या कागदावर मोटारीचा उल्लेखच नाही. डॉक्टरांना लेखी अर्ज द्या की अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, अमुक क्रमांकाच्या मोटारीच्या धक्क्याने पडल्याची माहिती नोंदवायची राहिली आहे, ती आजच्या तारखेने पुरवणी नोंद म्हणून लिहावी. जुन्या ओळीत खाडाखोड करून घेऊ नका, त्याने कागदाची किंमत शून्य होते. त्यानंतर अपघात जिथे घडला त्या हद्दीतील पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार द्या आणि तीन आठवडे का लागले, ते खरे तसे सांगा: हात मोडलेला होता आणि गृहस्थ खर्च देत होते. केवळ गुन्हा उशिरा नोंदवला म्हणून भरपाईचा दावा नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेले आहे. निष्काळजीपणे वाहन चालवून गंभीर दुखापत करणे हा दखलपात्र गुन्हा आहे. त्यामुळे ठाण्यात अदखलपात्र नोंद करून परत पाठवू लागले, तर एक्स-रेचा अहवाल पुढे ठेवून एफआयआरचा आग्रह धरा. आसपासचा कोणी भाजीवाला किंवा हमाल साक्षीला तयार असेल, तर त्याचा जबाब नोंदवायला सांगा आणि दुकानांच्या कॅमेऱ्यांचे चित्रण पुसले जाण्याआधी मागवायला सांगा. नोंद झाल्यावर पोलिसांनी अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचा असतो. तो गेला की कंपनीचा नेमलेला अधिकारी कलम १४९ खाली ३० दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव न्यायाधिकरणापुढे ठेवू शकतो. तो मान्य केलात तर न्यायाधिकरण तो नोंदवते आणि त्यापुढच्या ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. नामंजूर केलात तर सुनावणी लागते आणि तुमचे काहीही बुडत नाही.

ते गृहस्थ वाईट आहेत, असे तुमच्या लिहिण्यावरून मला मुळीच वाटत नाही. थांबणारा आणि दवाखान्यात नेणारा चालक मुंबईत रोज भेटत नाही, म्हणून तुम्हाला संकोच वाटतो हेही मी समजतो. त्यांच्याशी बोलताना त्यांची भीती कशाची आहे ते ओळखा. बहुधा त्यांना वाटते की विम्याकडे गेले तर आपला ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल आणि हप्ता वाढेल. तो बोनस स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याशी जोडलेला असतो, तिसऱ्या व्यक्तीच्या दाव्याने तो जात नाही. दरवर्षी ते जो तृतीय पक्ष विम्याचा हप्ता भरतात, तो नेमका याच प्रसंगासाठी असतो आणि माणसाच्या दुखापतीसाठी त्या विम्याला रकमेची मर्यादा नाही. म्हणून विम्यातून भरपाई मिळाली, तर त्यांच्या खिशालाही झळ नाही आणि तुमच्या हक्कालाही नाही. हे त्यांना शांतपणे, शक्यतो दोघांनाही मान्य असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसासमोर सांगा. मात्र ‘पैसे द्या, नाहीतर पोलिसांत जाते’ असे वाक्य तोंडातून किंवा मोबाइलवरून कधीही जाऊ देऊ नका. ते तुमच्यावरच उलटू शकते आणि शिवाय तक्रार ही सौद्यात मागे घेण्याची वस्तू नाही, कारण खटला सरकार चालवते.

एवढे सांगूनही तुम्ही आपसात मिटवायचेच ठरवलेत, तर तो तुमचा निर्णय आहे आणि काही घरांसाठी तो योग्यही असतो. अशा वेळी घाऊक आकड्यावर बोलू नका. वरचा हिशेब एका कागदावर लिहून द्या आणि ज्या बाबीला हरकत असेल ती नेमकी कोणती, ते विचारा. टॅक्सीच्या आणि वेदनेच्या रकमेत थोडे मागे या, पण बिले, मजुरी आणि सुटलेले डबे यांत येऊ नका, कारण तो तुमच्या हातून गेलेला पैसा आहे. पैसे बँकेत एकरकमी जमा झाल्यावरच सही करा, पुढच्या तारखांचे धनादेश घेऊ नका. कागदावर आधीचे ९,००० वेगळे लिहा, आताची रक्कम कोणत्या काळाच्या कोणत्या नुकसानीबद्दल आहे ते लिहा आणि पुढे व्यंग आढळल्यास त्याबद्दलचा हक्क राखून ठेवला आहे, हे वाक्य घाला. त्यांना हे वाक्य मान्य नसेल, तर त्या रकमेत भविष्याचा धोका धरलेला नाही, असे समजा.

माझ्याकडे आलेल्या एका सुताराने दुसऱ्याच आठवड्यात १५,००० घेऊन असा सरसकट कागद लिहून दिला होता. प्लास्टर निघाल्यावर त्याला पटाशी घट्ट धरता येईना. आम्ही दावा लावला, पण पहिल्या सुनावणीपासून शेवटपर्यंत समोरच्या वकिलांनी तोच कागद पुढे केला आणि शेवटी लोकअदालतीत मिळाले ते माझ्या मते त्याला मिळायला हवे होते त्याच्या निम्म्याहून कमी होते. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून ते तिथेच संपले. त्याचा तो कागद मी वेळेवर पाहिला असता तर, असे मला अजूनही वाटते.

तुमच्याकडे स्वतःचा मेडिक्लेम असेल आणि त्यातून काही खर्च परत मिळाला असेल, तर तो लपवू नका आणि त्यापोटी भरपाई कमी करा असे कोणी म्हणाले तर मान्यही करू नका. मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे. वकील नेमलात, तर फी आधी ठरवून लेखी घ्या. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागणे वकिलांच्या आचारसंहितेत बसत नाही, तेव्हा दवाखान्याच्या दाराशी भेटून ‘तीस टक्के द्या, सगळे करतो’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा.

त्या गृहस्थांना आज काय उत्तर द्यावे, एवढेच राहिले. त्यांना असे लिहा: ‘तुम्ही केलेल्या मदतीची जाणीव आहे. प्लास्टर दोन आठवड्यांनी निघेल, त्यानंतर डॉक्टर हात तपासून लेखी देतील. तोपर्यंत अखेरची सही करू शकत नाही. उपचाराचा चालू खर्च दिलात, तर त्याची पावती देईन. तुमच्या विम्याच्या कागदाची प्रत पाठवा.’ आणि त्या पावतीवर ‘उपचारखर्चापोटी मिळाले, इतर हक्क अबाधित’ एवढे शब्द स्वतःच्या हाताने लिहा. उजवा हात चालत नसेल, तर घरच्या कोणाकडून लिहून घ्या, त्यांचे नाव खाली घाला आणि पावतीचा फोटो काढून ठेवा.